कुंडीतलं लिंबू, पिठ्या ढेकूण आणि तेलाचा फवारा

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पुण्यात पहाटे शाल लागते आणि दुपारी पंखा. गॅलरीतल्या, खिडकीतल्या लिंबू, अंजीर, पेरूच्या कुंड्यांवर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आणि खवले कीड (फांदीला चिकटलेली, कवचाची कीड) आता वाढायला लागते. पान हाताला चिकट लागलं किंवा फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटून पाहा. मुंग्या किडीच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) हुसकावतात. त्या चिकट्यावरच पुढे काळी काजळी चढते.

यावर निंबोळी तेल फवारतात. तेलाचं मुख्य काम म्हणजे किडीच्या अंगावर थर बसवून श्वासाची छिद्रं बुजवणं. म्हणजे फवारा जिला लागला नाही ती वाचली. लोक वरून छान चकचकीत फवारतात आणि कीड बसलेली असते पानाखाली, बेचक्यात, देठाच्या खाचेत. म्हणून आधी जुन्या टूथब्रशने किंवा ओल्या कापसाने दिसेल तेवढी कीड पुसून काढा. खवले किडीची कवचं तर खरवडावीच लागतात. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

साधं निंबोळी तेल असेल तर लिटरला ५ मिली घ्या. १-२ मिली सौम्य द्रवसाबण आधी तेलात घोटा, मग कोमट पाणी थोडं थोडं घाला. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. बाटलीवर पीपीएम (औषधी घटकाचं प्रमाण) लिहिलेलं तयार निंबोळी औषध असेल तर लेबलवरचंच प्रमाण पाळा, त्यात वेगळा साबण लागत नाही. गारठ्याने तेल गोठलं असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवावी, गॅसवर नाही! द्रावण त्याच दिवशी संपवा आणि फवारताना पंप हलवत राहा.

वेळ संध्याकाळची. पारा ३२ अंशांच्या वर असताना किंवा उन्हात तेल मारलं तर पान भाजतं. तहानलेल्या झाडावरही नको, आदल्या दिवशी पाणी द्या. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. गंधकाची फवारणी केली असेल तर तेलाआधी निदान तीन-चार आठवडे जाऊ द्या. लिंबाला आंबिया बहाराची (या दिवसांतल्या बहराची) फुलं असतील तर फुलं वगळा, गॅलरीतही मधमाश्या येतात. कुंडी बाथरूममध्ये नेऊन फवारलेली बरी, कारण निंबोळीचा वास दोन दिवस घर सोडत नाही. जवळ माशांची टाकी असेल तर ती झाका.

तेलाने अंडी सगळी मरत नाहीत, म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसरा आणि तेवढ्याच अंतराने तिसरा हात. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून किंवा नर्सरीतून नवीन रोप आणलं असेल, तर ते दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा.

तीन फवारण्यांनंतरही झाड मलूल राहिलं तर कुंडीतून मुळांचा मातीसकट गोळा अलगद काढून बघा. मुळांवर पांढरी पिठी दिसली तर ढेकूण मातीत आहे. तिथे पानांवरचा फवारा पोचत नाही. मुळं धुऊन नव्या मातीत लावावं लागतं.