जर्मनीत किराणा भरण्यापूर्वी

काही महिन्यांसाठी जर्मनीत राहायला जाणाऱ्यांनी दुकानात निघताना कापडी पिशवी आणि ट्रॉलीसाठी 1 युरोचे नाणे जवळ ठेवावे. त्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. लिहायचे आहे ते रॅकवरील किंमतपट्टीबद्दल. पट्टीवर ठळक छापलेली रक्कम पाकिटाची असते आणि तिच्याजवळच बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा दर असतो, ज्याला तिथे ग्रुंडप्राइस म्हणतात. आधीच बजावतो: ठळक किंमत सोडून बारीक दर वाचावा.

मे 2022 पासूनच्या नियमांनुसार बंद पाकिटांसाठी हा दर 1 किलो किंवा 1 लिटरचाच द्यावा लागतो, त्यामुळे दह्याची लहान वाटी आणि किलोची बादली यांची तुलना तोंडी हिशेब न करता होते. समजा 500 ग्रॅमचा डबा 1.49 युरोला आणि किलोचा 2.79 युरोला असेल, तर लहान डबा किलोमागे 2.98 युरोला पडतो. मात्र मोठे पाकीट स्वस्तच पडेल असे गृहीत धरू नये, कारण सवलतीच्या आठवड्यात हे गणित उलटते. काउंटरवर कापून देतात ते चीज 100 ग्रॅमच्या दराने मांडलेले असू शकते आणि दहाने गुणायचे विसरले की ते उगाच स्वस्त वाटते. दोन पाकिटे हातात घेऊन उभे राहिलात, तर पुन्हा पट्टीकडेच पाहा.

डबाबंद छोल्यांचा दर निथळलेल्या वजनावर काढलेला असतो. 400 ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर छोले साधारण 240 ग्रॅमच उरतात आणि किलोचा दर त्या 240 ग्रॅमवरूनच काढतात. कोरडे छोले भिजवून शिजवल्यावर दुपटीहून अधिक भरतात, म्हणून त्यांचा दर डब्याच्या दराशेजारी तसाच ठेवणे चुकीचे आहे. आधी कोरड्या छोल्यांचा दर निम्मा करावा, मग तुलना करावी. मसूर, छोले आणि कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या तुर्की दुकानांत पाहाव्यात, तर तूरडाळ आणि पोळ्यांचे पीठ भारतीय दुकानात. सुपरमार्केटमधील 405 क्रमांकाचे गव्हाचे पीठ मैद्यासारखे असते, त्याच्या पोळ्या होत नाहीत. लहान दुकानांत किलोचा दर अनेकदा लिहिलेलाच नसतो, तेव्हा मोबाइलवर भागाकार करावा. कंटाळा करू नये, खरा फरक तिथेच पडतो.

पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांवर अनामत असते व ती छापील किमतीत धरलेली नसते. एकदा वापरून टाकायच्या बाटलीला 25 सेंट, म्हणजे सहा बाटल्यांच्या गठ्ठ्याला दीड युरो अधिक. रिकाम्या बाटल्या दुकानातील परतीच्या यंत्रात टाकल्या की अनामत परत मिळते. त्या चेपू नयेत, कारण यंत्राला त्यांवरील खूण वाचता यावी लागते. यंत्रातून निघालेली चिठ्ठी त्याच दुकानाच्या काउंटरवर द्यावी, नाहीतर ती आठवडाभर खिशातच राहते.

प्रत्येक वस्तूचे रुपये करत बसू नये. तुलना तिथल्याच दोन दुकानांत करावी: आल्डी, लिडल यांसारख्या स्वस्त साखळ्या एकीकडे, एडेका आणि रेवे ही सुपरमार्केटे दुसरीकडे, आणि तीही किलोच्या दरानेच. पट्टीवर दुकानाच्या ॲपचा वेगळा भाव दिसला, तर तो ॲप स्कॅन केल्याशिवाय लागत नाही.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुकाने बंद असतात. गुड फ्रायडे आणि ईस्टर सोमवार धरून सामान भरावे. बव्हेरियात साधारणपणे रात्री आठलाच दुकाने बंद होतात. काउंटरवर सामान झटपट उचलावे लागते. सवलत लागली का, हे पावतीवर दाराबाहेर पडण्यापूर्वीच पाहावे.