चेक इंजिनचा दिवा लागलाय? कोड वाचा, पण पार्ट बदलायची घाई नको

दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की दोन प्रकारची माणसं दिसतात. एक त्याकडे महिनोन्महिने दुर्लक्ष करतात. दुसरी गॅरेजमध्ये जाऊन "सेन्सर गेलाय" एवढ्या निदानावर काही हजार मोजून येतात. साधा कोड रीडर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, जवळ असेल तर दोन्ही टळतं. फक्त एक लक्षात ठेवायचं: इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, कुठे खटकलं ते कोड सांगतो. कोणता पार्ट खराब झाला ते सांगत नाही.

एक अपवाद आधीच सांगतो. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल आणि गाडी झटके खात असेल, तर रीडर शोधत बसू नका. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या.

तुमच्या गाडीला रीडर चालेल का?

गाडीने बिघाडाचे कोड ठरावीक पद्धतीने नोंदवायचे, कुठल्याही रीडरला ते वाचता यावेत, या पद्धतीला ओबीडी-२ म्हणतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून ती सक्तीची झाली. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून १३ शहरांत बीएस-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम आले, आणि बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ लागू झालं ते एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांनाही १६ पिनांचं सॉकेट असतं, पण काहींची भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथे स्वस्त रीडर नुसताच "कनेक्टिंग" म्हणत राहतो. अशा वेळी विकत घेण्याआधी कुणाचा तरी लावून बघा.

रीडर दोन प्रकारचे मिळतात. हातात धरायचा, स्वतःचा स्क्रीन असलेला. आणि ईएलएम३२७ नावाने काही शे रुपयांत मिळणारा ब्लूटूथचा ठोकळा, जो मोबाइलमधल्या ॲपला जोडतो. ठोकळ्यांत नकला फार. नव्या गाडीला चालणारी नक्कल जुन्या गाडीच्या संथ के-लाइनवर (ईसीयूशी बोलायची जुनी वायर) अडखळते, म्हणून गाडी जुनी असेल तर थोडे जास्त पैसे घातलेले बरे. घेताना लाइव्ह डेटा (सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे) आणि फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला गेला तेव्हाचे आकडे) दिसतं का, एवढं विचारा. नुसता कोड दाखवणारा रीडर अर्धंच काम करतो.

जोडणी

सॉकेट बहुधा स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतं, कधी झाकणाआड. इग्निशन बंद ठेवून रीडर लावा, मग चावी ऑनवर आणा, इंजिन सुरू करू नका. रीडरचा दिवाच लागला नाही तर फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरचा आणि या सॉकेटचा फ्यूज एकच असतो, आणि मोबाइल चार्जरच्या नादात तो कधीच उडालेला असतो.

वाचा, लिहून घ्या, पुसू नका

सगळे कोड कागदावर उतरवा. "पेंडिंग" म्हणजे एखाद्या वेळी खटकलेलं, अजून पक्कं न झालेलं. "स्टोअर्ड" म्हणजे पक्कं. त्यानंतर फ्रीझ फ्रेम उघडा. कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान आणि लोड (इंजिनावरचा भार) किती होता ते तिथे असतं. तापमान ३० अंश असेल तर बिघाड सकाळी थंड इंजिनात झाला. ९५ अंश आणि लोड जास्त असेल तर तो घाट चढताना झाला असण्याची शक्यता धरा. कोड पुसला की हे सगळं जातं. "आधी इरेज मारून बघू" म्हणणाऱ्याला म्हणूनच थांबवायचं.

कोडची रचना सोपी आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स. पुढचा आकडा ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान. १ असेल तर कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ त्याच गाडीच्या माहितीतून शोधायचा. तिसऱ्या जागी १ किंवा २ म्हणजे इंधन-हवा, ३ म्हणजे इग्निशन, ४ म्हणजे धुराचं नियंत्रण.

कोडवरून दोषापर्यंत

पी०३०१ घ्या: पहिला सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर इंजिन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदला, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर कॉइलच दोषी. पी०३०१ च राहिला तर हाच खेळ प्लगवर करा. तरीही जागचा हलला नाही तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. यात नवा पार्ट एकही लागला नाही.

पी०१७१ हा खरा चकवा. अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. यावर सर्रास धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, आणि तो बिचारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. लाइव्ह डेटात लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. इंजिन तापलेलं हवं. ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त पेट्रोल ओततोय ते हा आकडा सांगतो. उणे-अधिक ५ च्या आत उत्तम, १० पर्यंत खपून जातं. जागेवर उभ्या गाडीत +२० आणि रेस देऊन २५०० आरपीएमला +४ दिसलं, तर कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय: तडकलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं सील, उंदरांनी कुरतडलेली नळी. उलट, जागेवर ठीक आणि रेस दिल्यावर आकडा चढत गेला तर पेट्रोल पुरत नाही. फिल्टर चोंदलाय, पंप थकलाय, किंवा हवेचं मोजमाप करणारा सेन्सर मळलाय.

इथे आपल्याकडच्या दोन गोष्टी मध्ये येतात. पहिली, ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम मुळातच काही टक्के अधिक दिसेल. +६ बघून बोनेट उघडू नका. दुसरी, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. गॅसवर चालताना शिकलेले आकडे पेट्रोलला लागू पडतीलच असं नाही. गाडी पेट्रोलवर टाका, नीट फिरवा आणि मग आकडे वाचा. पेट्रोलवर सगळं ठाकठीक असेल तर किटवाल्याकडून ट्यूनिंग करून घ्या.

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याची तक्रार. नव्याची किंमत विचारण्याआधी सायलेन्सरच्या जोडात गळती आहे का आणि मिसिंगचा जुना कोड आहे का ते बघा. मिसिंग तसंच ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही टिकणार नाही.

चार-पाच कोड एकदम, एकमेकांशी संबंध नसलेले आले तर बॅटरी बघा. इंजिन सुरू असताना बहुतेक जुन्या गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर, अर्थिंगची वायर आणि बॅटरीच्या टोकांवरची बुरशी हे आधी, कोड नंतर.

डिझेलवाल्यांना ट्रिमचा हा हिशेब लागू नाही. तिथे रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेल नळीतला दाब) आणि ईजीआरचे (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आकडे बघायचे, आणि कॉमन रेलच्या पाइपला घरी पाना लावायचा नाही. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. पुसल्यावर ईसीयूची स्वतःची तपासणी पहिल्यापासून सुरू होते. थंड इंजिनापासून सुरुवात करून थोडा शहरात, थोडा हायवेवर असा नेहमीचा वापर काही दिवस होऊ द्या, मग "रेडीनेस", म्हणजे ही तपासणी, पूर्ण झालंय का आणि पेंडिंगमध्ये काही आलंय का ते वाचा. दोन्ही स्वच्छ असतील तर काम झालं. तोच कोड परत आला तर गॅरेजमध्ये फ्रीझ फ्रेमचा कागद घेऊन जा; चांगला मेकॅनिक तो आधी मागून घेईल. एबीएस आणि एअरबॅगचे कोड बहुतेक साध्या रीडरला दिसतच नाहीत, ते कंपनीच्या स्कॅनरचं काम. आणि ब्लूटूथचा ठोकळा काढून ठेवा. तो इग्निशन बंद असतानाही करंट खातो, आणि जुनी बॅटरी उभ्या गाडीत काही दिवसांत बसते.