संघाच्या ड्राफ्टविषयी वाद कसा घालावा
एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, ७ फेऱ्या असतात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला आधी निवड मिळते. म्हणून एखाद्या खेळाडूचा आग्रह धरण्यापूर्वी आपल्या संघाचा क्रमांक कितवा आहे आणि कोणाचे करार संपत आहेत, हे पाहावे. केवळ आजची उणीव मोजू नये. २००५ मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ब्रेट फार्व्ह खेळत असतानाच ग्रीन बे पॅकर्स संघाने २४व्या क्रमांकावर त्याच जागेसाठी ॲरन रॉजर्सला घेतले. ३ हंगाम बहुतेक बाकावर बसलेल्या त्यानेच पुढे संघाला सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून दिला. वरच्या क्रमांकासाठी हट्ट करणाऱ्याला मात्र किंमत जरूर विचारावी, कारण २०१७ मध्ये शिकागो बेअर्सने तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी आणखी ३ निवडी देऊन क्वार्टरबॅक मिचेल ट्रुबिस्कीला घेतले, आणि पुढे त्याच्याहून कितीतरी यशस्वी ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स १०व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता.