घन पदार्थ वाढवला तर समतोल सरकतो का? गणित कसं सोडवायचं

अकरावीच्या रासायनिक समतोलात (म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगानं चालू असते ती अवस्था) पोरं हमखास अडकतात ते इथं, भांड्यात अजून घन टाकला तर समतोल कुठं सरकणार? कुठंच नाही. पण का ते कळलं पाहिजे, म्हणून चुनखडी घेऊ. आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत बघा, उसाचा रस साफ करायला चुना लागतोच आणि तो चुनखडी भाजूनच बनतो.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते तापलं की कॅल्शियम ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दोन घन, एक वायू. केपी (वायूंच्या दाबावरून लिहिलेला समतोल स्थिरांक) लिहायच्या आधी प्रत्येकाची अवस्था बघायची, शुद्ध घन दिसला की त्याच्या जागी १. मग केपी म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइडचा दाब. १ कशामुळं? कार्बोनेटची घनता २.७१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, मोलर वस्तुमान (एका मोलचं वजन) १०० ग्रॅम, म्हणजे लिटरला २७.१ मोल, मग चिमूटभर घ्या नाहीतर ट्रकभर, हा आकडा हलत नाही, म्हणून तो वेगळा लिहायचाच नाही, १ धरायचा.

आता रिकामं बंद भांडं घ्या, १ लिटरचं, ८०० अंश सेल्सिअस. इथं केपी साधारण ०.२२ वातावरण (दाबाचं एकक, अ‍ॅटमॉस्फिअर). पीव्ही बरोबर एनआरटी हे आदर्श वायूचं सूत्र लावलं की येतं ०.००२५ मोल, म्हणजे पाव ग्रॅम कार्बोनेट फुटलं की दाब पूर्ण झाला. १ ग्रॅम टाका, ५ ग्रॅम टाका, दाब ०.२२ च.

पण ०.१ ग्रॅमच टाकलं तर? सगळं फुटून संपतं, दाब ०.०८८ वर थांबतो आणि समतोल येतच नाही कारण घन शिल्लकच नाही, क्लासमध्ये हे कुणी नीट सांगत नाही राव! घन कितीही चालतो, पण थोडा तरी उरला पाहिजे. बारीक पूड केली तर समतोल लवकर येतो, एवढंच.

भांडं अर्ध्या लिटरचं केलं तर दाब क्षणभर ०.४४, मग वायू ऑक्साइडला परत चिकटत ०.२२ वर येतो, म्हणून आकारमान बदललं की मोल फक्त वायूचे मोजायचे. भट्टीत मात्र वायू बाहेर जात राहतो म्हणून सगळी चुनखडी भाजून निघते.

अमोनियम हायड्रोसल्फाइडचं गणित याच पद्धतीनं, घन वगळा, त्यातून निघणाऱ्या अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड या दोन वायूंचा दाब सारखा, एकूण ०.६ वातावरण असेल तर प्रत्येकी ०.३, केपी ०.०९.

आणि तापलेलं लोखंड अधिक वाफ आलं तर लोखंड सोडायचं, वाफ नाही, ती वायू आहे, पाणी दिसलं म्हणून सवयीनं १ टाकलं की मार्क गेले.