वेस्टची बाटली गरम झाली त्या संध्याकाळनंतर

पीएचडीचा दुसरा महिना. संध्याकाळी मी फ्लास्क धूत होतो आणि शेजारच्या फ्यूम हूडमधल्या, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या काचेच्या कपाटातल्या, वेस्टच्या (वापरून झालेली रसायनं टाकायच्या) बाटलीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. काय झालंय बघावं म्हणून मी बाटलीकडे हात नेला, तेवढ्यात मागून सीनियर ओरडली, "हात काढ!" तिने हूडची काच खाली ओढली, सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं. बऱ्याच वेळाने आवाज थांबला. बाटली फुटली नाही, कारण तिचं झाकण आतला दाब बाहेर सोडणारं होतं.

चूक माझी होती. फ्लास्कला चिकटलेला थर निघावा म्हणून मी थोडं नायट्रिक अॅसिड वापरलं आणि उरलेलं त्या बाटलीत ओतलं. बाटलीत मेथनॉल आणि अॅसिटोन होतं. नायट्रिक अॅसिड अशा द्रावकांचं ऑक्सिडीकरण करतं. त्यातून उष्णता आणि वायू तयार होतात, आणि ओतल्या ओतल्या काहीच दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तीन आठवड्यांपूर्वीच मी सुरक्षेची ऑनलाइन परीक्षा पूर्ण गुणांनी पास झालो होतो. एकमेकांशी न जमणारी रसायनं एकत्र टाकायची नाहीत, हे उत्तर मी बरोबर निवडलं होतं. पण भांडी धुणं हेही रसायनांशी केलेलं काम आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून लॅबमध्ये नव्याने येणाऱ्याला मी सगळ्यात आधी सांगतो: प्रयोग चालू असताना तुम्ही जागरूक असताच, धोका असतो तो आधीच्या तयारीत आणि नंतरच्या आवराआवरीत. बाटलीत काही ओतण्याआधी तिच्यावरची यादी वाचा. यादी नसेल तर ओतू नका. "वेस्ट" एवढंच लिहिलेली बाटली दिसली तर कोणाची आहे ते शोधून काढा, त्यात संकोच कसला?

कुठलंही नवं रसायन हातात घेण्याआधी त्याचं सेफ्टी डेटा शीट वाचायचं असतं. त्यात 16 विभाग असतात आणि पहिल्यांदा बघितल्यावर कंटाळा येतो. मी आधी दुसरा विभाग वाचतो, धोके कोणते ते कळतं. मग आठवा, म्हणजे हातमोजे, गॉगल, हवा यांचं काय ते समजतं. मग दहावा, हे कशाशी जमत नाही. शेवटी चौथा, अंगावर पडलं तर पहिल्या मिनिटात काय करायचं. माझ्या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या वर या चार गोष्टी चार ओळींत असतात. हायड्रोफ्लोरिक अॅसिड वापरणार असाल तर त्वचेवर पडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी आहे का आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हे बाटली उघडण्याआधी बघायचं. सौम्य हायड्रोफ्लोरिक अॅसिड त्वचेवर पडलं तर कित्येक तास दुखतही नाही, आणि तोवर ते आत पोचलेलं असतं.

हातमोज्यांवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त खोटा धीर तेच देतात. कॅरेन वेटरहान या अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ, विषारी धातूंच्या अभ्यासातलं मोठं नाव. ऑगस्ट 1996 मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिशय विषारी संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर पडले. त्या हूडमध्येच काम करत होत्या, त्या काळी जी काळजी पुरेशी मानली जायची ती त्यांनी घेतली होती. लक्षणं दिसली ती काही महिन्यांनी आणि जून 1997 मध्ये त्या गेल्या. नंतर केलेल्या चाचण्यांत कळलं की हे द्रव्य तसल्या हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जातं. तुम्ही कदाचित डायमिथाइल मर्क्युरी आयुष्यात वापरणार नाही. पण रोजचे पातळ नायट्राइल हातमोजेही डायक्लोरोमिथेन या नेहमीच्या द्रावकासमोर जेमतेम एखादं मिनिट टिकतात. ते शिंतोड्यापुरते असतात. शिंतोडा उडाला की लगेच काढायचे, हात धुवायचे, नवे घालायचे. आणि हातमोजे घातलेल्या हाताने दाराची मूठ, कीबोर्ड, मोबाइल यांना हात लावायचा नाही. त्याच कीबोर्डवर दुसरा कोणी उघड्या हाताने टाइप करणार असतो.

लॅबकोटबद्दल एकच घटना सांगतो. 29 डिसेंबर 2008, लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ. 23 वर्षांची संशोधन साहाय्यक टर्ट-ब्यूटिल लिथियम प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये ओढून घेत होती. हवा लागली की पेटणारं द्रव्य ते. सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला, अंगावरच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. लॅबकोट घातलेला नव्हता, लॅबमधला आपत्कालीन शॉवर वापरला गेला नाही. 18 दिवसांनी तिचा मृत्यू झाला. हे वाचल्यापासून मी कोणालाही "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणून कोटाशिवाय बेंचपाशी उभं राहू देत नाही, मग त्याला वाईट वाटलं तरी चालेल.

प्रमाण वाढवणं ही नव्या माणसाची दुसरी मोठी फसगत. 100 मिलिग्रॅमवर नीट झालं, मग 10 ग्रॅम एकदम करून टाकू, म्हणजे महिनाभर बघायला नको. जानेवारी 2010 मध्ये टेक्सस टेक विद्यापीठात नेमकं हेच झालं. निकेल हायड्राझिन परक्लोरेट हे स्फोटक संयुग एका वेळी 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचं नाही, असा तोंडी दंडक होता. बनवलं गेलं सुमारे 10 ग्रॅम. खलात कुटताना स्फोट झाला आणि एका विद्यार्थ्याची तीन बोटं गेली. प्रमाण वाढलं की धोका वाढतो, यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. उष्णता तयार होते ती पदार्थाच्या आकारमानाच्या प्रमाणात, बाहेर पडते ती पृष्ठभागातून. भांडं मोठं झालं की आकारमान पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढतं आणि उष्णता आतच कोंडते. स्फोटक पदार्थांत तर इजाही मोठी होते. प्रमाण वाढवायचं असेल तर गाइडशी आधी बोला. दंडक तोंडी असेल तर तो लिहून भिंतीवर लावा.

द्रव नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, म्हणून कोणी घाबरत नाही. एक लिटरचे जवळजवळ 700 लिटर वायू होतात आणि बंद खोलीतला ऑक्सिजन बाजूला सारतात. श्वास कोंडतोय हे जाणवायच्या आत माणूस खाली पडतो. भरलेलं भांडं लिफ्टने एकटंच पाठवायचं आणि आपण जिन्याने जायचं, वरच्या मजल्यावर ते घ्यायला दुसरा माणूस उभा ठेवायचा. रात्री एकट्याने काम करण्याबद्दलही माझं मत कडक आहे: हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर दुसरं माणूस नसेल तर वही लिहा, डेटा बघा, रसायनं उघडू नका.

सीनियर चुकीचं सांगत असेल तर काय करायचं, हा प्रश्न नवी मुलं दबक्या आवाजात विचारतात. मी सांगतो, "मला नीट समजलं नाही, एकदा करून दाखवाल का?" असं म्हणा. करून दाखवताना समोरच्याचंही लक्ष जातं. तरीही पटलं नाही तर थांबा आणि गाइडकडे जा. एक दिवस उशीर झाल्याने कुणाचा प्रबंध अडत नाही.

त्या संध्याकाळी सीनियर माझ्यावर पुन्हा ओरडली नाही. तिने एक रजिस्टर काढलं आणि काय घडलं ते माझ्याकडून लिहून घेतलं: वेळ, बाटलीत काय होतं, मी किती ओतलं, का ओतलं. टेक्सस टेकच्या चौकशीतही पुढे आलं होतं की आधी घडलेल्या लहान घटना नीट नोंदल्याच गेल्या नव्हत्या. आमच्या रजिस्टरमधलं पहिलं पान माझं आहे. नवा विद्यार्थी आला की मी त्याला ते वाचायला देतो. मग त्याच्या बेंचपासून डोळे मिटून आयवॉशपर्यंत, म्हणजे डोळे धुवायच्या नळापर्यंत, चालायला लावतो. दहा सेकंदांत पोचायला हवं, कारण खरी वेळ येईल तेव्हा डोळे उघडणार नाहीत, आणि पुढे पंधरा मिनिटं पाण्याखाली धरून ठेवावे लागतील. वाटेत कोणाची खुर्ची आडवी आली तर ती तिथल्या तिथे हलवतो.