खंडानंतर व्यायाम केला आणि अंग भरून आलं? असं सावरा

बऱ्याच दिवसांनी व्यायाम केला की त्या दिवशी काहीच होत नाही, उलट हुरूप येतो. खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. जिना चढताना एक वेळ चालून जातं, पण उतरताना मांड्या बोंब मारतात, आणि खुर्चीत बसायचं तर आधी हात टेकावे लागतात. हे दुखणं साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळस गाठतं आणि बहुतेक वेळा आठवड्याच्या आत ओसरतं. त्यामुळे पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर घाबरू नका.

जिममध्ये अजूनही सर्रास सांगतात की स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचलंय. ते तर व्यायामानंतर तास-दोन तासांतच निघून जातं. स्नायू लांबत असताना भार पेलतो, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्या दुरुस्तीच्या काळात तो हुळहुळा होतो. बैठकीत खाली जाणं, डंबेल सावकाश खाली आणणं, उतारावरून धावणं, या ‘सोप्या’ वाटणाऱ्या हालचालीच जास्त महागात पडतात.

१. आधी दुखणं कसलं आहे ते बघा

दोन्ही मांड्या किंवा दोन्ही दंड सारखेच जड, आखडलेले, दाबल्यावर दुखणारे असतील, तर ते भरून येणंच. पण व्यायाम करतानाच कळ आली असेल, एकाच ठिकाणी चमक भरत असेल, सांधा सुजला असेल किंवा पायावर भार देता येत नसेल, तर ती दुखापत समजा आणि दाखवून घ्या.

एका बाबतीत मात्र वाट बघू नका. लघवी कोलासारखी गडद झाली, स्नायू खूप सुजले किंवा हातापायांतली ताकदच गेल्यासारखी वाटली, तर लगेच रुग्णालय गाठा. स्नायूंची मोठी मोडतोड झाली तर मूत्रपिंडावर ताण येतो. असं क्वचितच होतं, पण खंडानंतर पहिल्याच दिवशी अतिरेक करणाऱ्यांच्या बाबतीत होऊ शकतं.

२. पडून राहू नका

अगदी हलकं चाला, सावकाश सायकल चालवा, खांदे-कंबर मोकळी करा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. सुरुवातीची काही मिनिटं कुरकुरत जातात, मग अंग सैल होतं. थांबल्यावर दुखणं परत येतं, ते साहजिक आहे.

३. आराम वाटेल ते करा, चमत्काराची अपेक्षा नको

मालिश, गरम शेक, फोम रोलर (स्नायूंखाली ठेवून फिरवायचा फोमचा लोड), यांनी थोडा आराम पडतो. स्ट्रेचिंगवर लोकांचा भलता विश्वास असतो, पण आधी करा किंवा नंतर, दुखणं त्याने फारसं टळत नाही. दुखऱ्या स्नायूला जोर लावून ताणणं तर नकोच. झोप पुरेशी घ्या, जेवणात प्रथिनं असू द्या. वेदनाशामक गोळी रोजची करू नका. पोटाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

४. पुढचा व्यायाम ठरवा

पाय भरले असतील तर त्या दिवशी हातांचा व्यायाम करायला हरकत नाही. पायांकडे मात्र दुखणं बरंच उतरल्यावर वळा. नुसता किंचित जडपणा उरला असेल तर थांबायची गरज नाही.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तोच व्यायाम दुसऱ्यांदा केला की दुखणं बरंच कमी होतं, आणि पहिल्या खेपेने मिळालेलं हे कवच काही आठवडे टिकतं. शिवाय ते मिळवायला पहिल्या दिवशी अंग मोडेपर्यंत राबावं लागत नाही, थोड्या व्यायामानेही मिळतं. म्हणून अजून सुरुवात केली नसेल, तर पूर्वीच्या निम्मं वजन घ्या, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, म्हणजे सलग एक फेरी, करा आणि ‘अजून जमलं असतं’ असं वाटत असतानाच थांबा. दोन-तीन दिवसांनी अंगाचा अंदाज घ्या. फार दुखलं नसेल तर दुसरा सेट जोडा. वजन वाढवायचं ते त्याच्या पुढच्या आठवड्यात.