आधी धावा, मग गोणी उचला

अग्निशमन भरतीच्या तयारीला लागलेले आपले पोट्टे नुसते धावत सुटतात. धावणं जमतंच हो, घात करते ती खांद्यावरची डमी, म्हणजे बेशुद्ध माणसाच्या जागी उचलायचा जड पुतळा. म्हणून जाहिरातीतली मैदानी चाचणी एकदा घरीच घेऊन बघा.

सिमेंटची रिकामी गोणी घ्या. गच्च भरली की सिमेंट 50 किलो, वाळू त्याहून जास्तच, तेव्हा सुरुवात 20 किलोपासून. वाळू लहान लहान पिशव्यांत बांधून गोणीत सैलसर घाला. बेशुद्ध माणूस लाकडासारखा ताठ नसतो, खांद्यावर दोन्हीकडे लोंबतो. गोणीही तशीच लोंबली पाहिजे. उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे मोडून बसा, गोणी अंगाला चिकटवा, जोर मांड्यांचा. सोबत कुणीतरी हवंच.

आणि ताज्या दमाने उचलून खूश होऊ नका. आधी 800 मीटर धावा, दोन मिनिटं थांबा, मग उचला. पाय लटपटतात ते तेव्हा.

एप्रिल-मेत सराव सकाळी सातच्या आत उरका, नागपूरचं ऊन 45 अंशांना टेकतं. तर्री पोहे धावून झाल्यावर, आधी नाही!